जावयाच्या ताटात पंख

लग्नानंतर पहिल्यांदा जेवायला आलेल्या जावयाच्या ताटात कोंबडीचे नुसते पंख वाढलेले मी आयुष्यात एकदाच पाहिले. वाढणारी बाई पूर्ण शुद्धीवर होती. तिचं नाव तानाक्का. त्या दिवशी माझ्या हातातलं पाण्याचं भांडं खाली पडलं आणि ते उचलायचंही मला सुचलं नाही. आज आठवलं तरी आधी छातीत धस्स होतं, हसू मागाहून येतं.

आम्ही मूळचे सांगलीकडचे. नवऱ्याची बँकेतली बदली हुबळीला झाली आणि दाजीबानपेठेच्या मागच्या गल्लीत तानाक्काच्या घराचा वरचा मजला आम्ही भाड्यानं घेतला. खाली ती, रेल्वेच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेला तिचा नवरा आणि कॉलेजात शिकणारी त्यांची एकुलती एक लेक रेखा. नवऱ्याला सगळी गल्ली अप्पा म्हणायची. अप्पा इतके गरीब स्वभावाचे की भिकारी दारात आला तर तेच ओशाळायचे. तानाक्काचं तसं काही नव्हतं. ती ओशाळलेली मी कधी पाहिली नाही. समोरच्याला ओशाळायला लावण्यात मात्र तिचा हात कुणी धरला नसता.

पहिल्याच दिवशी तिनं मला गार केलं. आमचं सामान वर चढत होतं आणि ती जिन्याच्या तोंडाशी उभी राहून प्रत्येक वस्तूवर शेरा मारत होती. मी आदरानं म्हटलं, "अक्का, तुम्ही आत बसा, धूळ उडतेय." तर म्हणाली, "अक्का म्हणायचं आन तुम्ही म्हणायचं, असलं चालत न्हाई हितं. अक्का म्हण, तू म्हण. न्हाईतर मालकीणबाई म्हण, मग भाडं वाढवतो." 'वाढवतो' ऐकून मी बघतच राहिले. तिकडच्या बायका स्वतःबद्दल 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात हे मला माहीत नव्हतं. वर तिची भाषा अर्धी मराठी, अर्धी कन्नड. प्रेमात मराठी, हिशेबात मराठी, पण राग आला की कन्नड. ती कन्नडात शिरली की मांजरसुद्धा परसात जाऊन बसायचं.

रविवारी खाली कोंबडी शिजायची. देवघर स्वयंपाकघरातच असल्यामुळे मटण-कोंबडी आत शिजवायची नाही, असा त्या घरचा रिवाज. परसात वेगळी चूल, वेगळी कढई, वेगळा पळा. आणि वाढण्याचाही रिवाज होताच. पाहुणा असेल तर एक पाय त्याला. एक अप्पांना. काळीज-कलेजी कुणी वडीलधारं आलं तर त्याला. मऊ तुकडे रेखाला. सगळ्यांची जेवणं झाली की तानाक्का स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी ताट घेऊन बसायची. त्यात रस्सा, भाकरी, मान आणि दोन पंख. सगळं गार. एकदा मी विचारलं तर म्हणाली, "मला पंखच आवडतोय ग." आमच्या घरीही आई असंच म्हणायची. त्यामुळे मला त्यात नवल वाटलं नाही.

नवल तिला वाटलं, आणि ते कोप्पीकर रोडवर वाटलं.

रेखाच्या वाढदिवसाला आम्ही तिघी तिकडच्या एका हॉटेलात गेलो. वर थंडगार हवा, खाली चकचकीत टेबलं. इरकल साडी नेसलेली तानाक्का खुर्चीच्या अगदी कडेला टेकली होती. रेखानं मोठ्या ऐटीत चिकन विंग्ज मागवले. ताटली आली. लालभडक, चिकट, वर तीळ पेरलेले. तानाक्कानं एक उचलला, उलटा केला, सुलटा केला.

"रेखा, हे पंखच की ग!"

"व्हय. विंग्ज म्हणजे पंखच."

"ह्याच्यासाठी दुकान काढलंय?"

शेजारच्या टेबलावर चारपाच तरुण पोरं बसली होती. त्यांच्यासमोर पंखांचा ढीग. बोटं चाटत, हाडं चोखत, भान हरपून खात होती. तानाक्का त्यांच्याकडे बघत राहिली. मग आम्ही थांबवायच्या आत उठली आणि थेट त्यांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली. मला वाटलं जमिनीनं पोटात घ्यावं.

"तम्मा," ती त्यातल्या एकाला धाकट्या भावाला हाक मारावी तशी म्हणाली, "हे तुम्ही आपणहून मागितलं, का दुसरं काय शिल्लक नव्हतं?"

पोरगा चक्रावला. कन्नडात म्हणाला, "आम्हीच मागवलंय, अज्जी. तुम्हाला पाहिजे का?"

"आन पाय? पाय कुणी खाल्लं?"

"पाय नको. आम्हाला हेच पाहिजे."

तानाक्का परत येऊन बसली. चेहऱ्यावर असा धक्का, जणू देवळातल्या मूर्तीनं तिला हाक मारली होती. मग तिनं ताटलीतला पंख खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि एकाएकी हसायला लागली. तोंडाला पदर लावून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. वेटर पाणी घेऊन धावला. "पुरुषमाणसं," ती कशीबशी म्हणाली, "पुरुषमाणसं बसून पंख खायलेत, आन माझ्यासारखीला पुसायलेत, तुला पाहिजे काय!"

पुढच्या रविवारी परसातून गुळाचा वास आला. मी गॅलरीतून वाकून पाहिलं तर कोंबडीच्या कढईत तानाक्का गूळ टाकत होती. मी वरूनच ओरडले, "अक्का, चुकून गूळ पडला!" ती वर न बघता म्हणाली, "चुकून न्हाई पडला. टाकला."

तो पहिला रविवार फसला. गूळ जास्त शिजला आणि पंखांची चक्क चिक्की झाली. कढईच्या आकाराचा एकच लाल गोळा, त्यातून इकडे-तिकडे पंखांची टोकं बाहेर. अप्पांनी वर्कशॉपातली जुनी हातोडी आणली. त्या गोळ्यावर घाव घालणारे अप्पा आणि बाजूला कमरेवर हात ठेवून उभी तानाक्का, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण हार मानेल तर ती तानाक्का कसली. पुढच्या रविवारी तिनं पंखांना आधी हळद-मीठ, आलं-लसूण आणि दही लावून ठेवलं. लोखंडी कढईत थोड्या तेलावर कातडी कुरकुरीत होईतो परतले. दुसऱ्या भांड्यात लसूण, भिजवून वाटलेली ब्याडगी मिरची, तिखटपणासाठी दोन लवंगी मिरच्या, चिंचेचा कोळ आणि गूळ. पाक पळीवरून सरकन न पडता जरा रेंगाळून पडायला लागला की पंख आत. भांडं दोन्ही हातांनी धरून ती असं काही हिसडायची की पंख हवेत उलटे होऊन परत आत पडायचे. वर तीळ. आणि लगेच हाक: "बसा! सगळे बसा! गार झालं तर हातोडी लागंल!"

सगळे म्हणजे सगळे. गार झालं की गूळ कातडीवर घट्ट होतो, म्हणून तीही बसायची. त्या घरात नवऱ्याच्या मांडीला मांडी लावून तानाक्का जेवायला बसली ती त्या गुळामुळे. बायकोला इतक्या जवळून जेवताना बघतोय म्हणून अप्पा पहिल्या दिवशी भेदरून गेले होते. त्यांनी पातेल्यात पळी घालून तळ ढवळला.

"पाय?" त्यांनी हळूच विचारलं.

"पाय बंद," तानाक्का म्हणाली. "दुकानातनं नुसतं पंखच आणतो आता."

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. थोड्या वेळानं अप्पा बोटं चाटत होते.

मी एकदा तिला विचारलं होतं, "एवढं सगळं करण्यापेक्षा तूच एक पाय का नाही घेतलास ताटात?" तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला माझीच कीव आली. म्हणाली, "मी पाय घेटला तर उंबऱ्याजवळ कोण बसणार? रेखा? पंख कुणीतरी खायलाच पाहिजे की ग. मग सगळ्यांनीच खायचं."

रेखाचं लग्न अळणावरकडच्या एका गावात झालं. शेतीवाडीचं, चांगलं घर. जावई संतोष, त्याची विधवा आई, आणि घराचा कारभार बघणारा चुलता. चुलत्यापुढे घरात कुणाचं काही चालत नाही, हे लग्नातच आम्हाला कळलं होतं. सणाला रेखा पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा सगळ्यांनी तिला सासूबद्दल, घराबद्दल विचारलं. तानाक्कानं एकच विचारलं.

"तिकडं तुझ्या ताटात काय येतंय?"

रेखा हसली. "आत्तीबरोबर मागनं बसतो. पंख." तिकडे सासूला आत्ती म्हणतात.

"गरम असतंय?"

"कुठलं गरम, आई. सगळ्यांचं झाल्यावर की."

रेखानं हे अगदी सहज सांगितलं. तिला वाटलं आई हसेल. तानाक्का उठली आणि परसात जाऊन रिकामी चूल सारवत बसली.

मग तो दिवस आला. जावयाचं पहिलं सामिष जेवण, त्याला मान मोठा. रेखाला परत न्यायला संतोष, त्याची आई आणि चुलता येणार होते. सकाळी तानाक्का पिशवी भरून आली आणि मी पिशवीत डोकावले. नुसते पंख.

"अक्का, आज नको," मी म्हटलं. "आज तरी दोन कोंबड्या आण. जावई आहे."

अप्पांनी तर हात जोडले. "अगं, चुलता कसला माणूस हाय तुला ठाव हाय. पोरीला हितंच सोडून जाईल. लेकीचं वाटोळं करू नकोस."

तानाक्का पंखांना हळद लावत होती. "लेकीला उंबऱ्याजवळ बसवायचं असतं," ती म्हणाली, "तर मीच बसून ऱ्हायलो असतो की. कशाला उठलो?" पुढे ती कन्नडात शिरली.

रेखा भिंतीला टेकून उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. पण ती आईला थांब म्हणाली नाही, हेही मी पाहिलं.

पाहुणे आले. हात-पाय धुऊन झाले. माजघरात तानाक्कानं एकाच ओळीत सगळ्यांची ताटं मांडली. चुलत्याच्या शेजारी संतोष, त्याच्या शेजारी त्याची आई, म्हणजे विहीणबाई, मग रेखा, अप्पा, स्वतः आणि मी. विहीणबाई उभ्याच राहिल्या. "आमचं मागनं," त्या पुटपुटल्या. "मागनं न्हाई," तानाक्का म्हणाली, "हे गरमच खायचं असतंय." आणि तिनं त्यांना खांद्याला धरून पाटावर बसवलं. चुलत्याच्या कपाळावर पहिली आठी तिथं पडली.

मग कढई आली. तानाक्कानं वाढायला सुरुवात केली. चुलत्याला चार पंख. संतोषला चार पंख. विहीणबाईंना चार पंख. पुढे आमच्या सगळ्यांच्या ताटांतही तेवढेच. सगळ्यांना मोजून सारखे. कढई रिकामी झाली. माझ्या हातातून भांडं पडलं ते ह्याच वेळी.

चुलत्यानं ताटाकडे पाहिलं. कढईकडे पाहिलं. "विहीणबाई," तो तानाक्काला सावकाश म्हणाला, "कोंबडीला पाय नव्हते काय?"

"हुते की," तानाक्का म्हणाली. "पाय दोन आन माणसं एवढी. कुणाला द्यावं आन कुणाला देऊ नये, मला ठरवता येईना."

"जावयाला द्यायचं असतंय. एवढं कळत न्हाई?"

"जावयाला दिला तर लेकीला काय देऊ?"

चुलता ताटावरून उठला. वाढलेल्या ताटावरून पाहुणा उठणं म्हणजे काय ते आपल्याकडे कुणाला सांगायला नको. अप्पा धडपडत उठले आणि त्याच्या पायांशी वाकायला लागले. "ऊठ रे संतोष," चुलता म्हणाला. "ह्यांची पोरगी ह्यांनाच राहू दे. आम्हाला बायकांचा तुकडा वाढतात."

संतोषनं पाकात माखलेला अंगठा चाटायला तोंडात घातलेला होता. तो त्यानं काढला आणि अर्धवट उठला. रेखानं डोळे मिटून घेतले. तानाक्का जागची हलली नाही, पळा तिच्या हातातच राहिला. तिला घाबरलेली मी तेव्हाच काय ती पाहिली. आपण लेकीचा संसार मोडला, हे तिच्या तोंडावर सरळ वाचता येत होतं.

आणि त्या शांततेत कुणीतरी हाड चोखत असल्याचा आवाज आला.

विहीणबाई जेवत होत्या. मान खाली, पदर डोक्यावर, बोटं लाल झालेली. एक पंख संपला होता, दुसरा चालला होता.

"वहिनी!" चुलता ओरडला. "ऐकलं न्हाई काय?"

"ऐकलं की," त्या म्हणाल्या. आवाज इतका बारीक की आम्ही सगळे पुढे वाकलो. "भाऊजी, तुम्ही व्हा पुढं. मी जेवून येतो."

"पंख वाढलेत आपल्याला! दिसत न्हाई?"

"दिसतंय की." त्यांनी हाड ताटाच्या कडेला ठेवलं. "लगीन होऊन तुमच्या घरात आलो तवापासनं पंखच खातोय मी. पण गरम कधी खाल्ला नव्हता."

मी जन्मात बरंच काही ऐकलं आहे, पण त्या वाक्यानं मी जशी हादरले तशी कशानं हादरले नाही. संतोष आईकडे बघत होता, आणि ती बाई कोण आहे हे त्याला पहिल्यांदाच कळत असावं असं बघत होता.

"बस खाली," त्या त्याला म्हणाल्या. "गार हुतंय."

संतोष बसला. तानाक्कानं पळा खाली ठेवला, स्वतःच्या ताटातला एक पंख उचलला आणि विहीणबाईंच्या ताटात घातला. रेखा तेवढ्या वेळात रडत होती आणि रडता रडता खात होती.

चुलता परसात धुण्याच्या दगडावर जाऊन बसला. अप्पा त्याचं ताट घेऊन मागोमाग गेले. बऱ्याच वेळानं ते ताट परत आलं, तेव्हा त्यात नुसती हाडं होती. त्याबद्दल दोन्ही घरांत आजवर कुणी अवाक्षर काढलेलं नाही.

रेखाच्या सासरी त्या दिवसापासून रामराज्य आलं असं काही नाही. चुलत्याला अजूनही पाय लागतो. पण संतोष आता आई आणि बायको बसल्याशिवाय पहिला घास घेत नाही. आणि महिन्यातून एकदा विहीणबाई फोन करून तानाक्काला विचारतात की गूळ आधी घालायचा की चिंच. तानाक्का दर वेळी सांगते. त्या दर वेळी विचारतात. मला वाटतं, त्यांना गुळाचं काही नसतं, तानाक्काशी बोलायचं असतं.

मग आमची बदली सोलापूरला झाली. सामान बांधून झालं होतं. निघण्याच्या आदल्या दिवशी मी तानाक्काला आणि अप्पांना वर जेवायला बोलावलं. बाकी काही नसलं तरी कोंबडी तरी आपल्या हातची खाऊ घालावी म्हणून अख्खी कोंबडी आणली. आमच्या पद्धतीचा सांगली रस्सा केला. खोक्यांच्या मधे चटई टाकली आणि चौघं ओळीनं बसलो. मी एक पाय अप्पांना वाढला. दुसरा तानाक्काच्या ताटात ठेवला.

"हे कुणाचं?" ती म्हणाली.

"तुझं."

"आन तुझ्या साहेबांना?"

"साहेब आज पंख खातील." माझ्या नवऱ्यानं निमूटपणे पंख उचलून दाखवला.

मला वाटलं ती चेष्टा करेल, मला चार शब्द सुनावेल. तिनं पाय उचलला. जाड बाजूनं धरला, सोडला, मग बारीक टोकानं धरला. तोंडाजवळ नेला आणि परत खाली आणला. मी बघत होते आणि मला काही समजेना. मग समजलं. साठी ओलांडलेल्या, जन्मभर रविवारी कोंबडी शिजवणाऱ्या ह्या बाईला पाय कुठून धरायचा ते माहीत नव्हतं. तिनं हजारांनी शिजवले होते, पाण्यात घालून धुतले होते, दुसऱ्यांच्या ताटांत वाढले होते. तोंडात एकही गेला नव्हता.

अप्पांच्याही ते लक्षात आलं. त्यांनी स्वतःच्या ताटातला पाय खाली ठेवला. हात पुसला. मग तिच्या हातातला पाय हलकेच फिरवला आणि हाडाचं टोक तिच्या बोटांत दिलं.

"असं धर," ते म्हणाले. "आन हिकडनं खा."

तानाक्कानं एक घास तोडला. सावकाश चावला. गिळला. मग ती हातातल्या पायाकडे बघत राहिली, आणि नंतर अप्पांकडे.

"अवो," ती म्हणाली, "एवढंच असतंय होय?"